उलटं वाचणारे नगराध्यक्ष

डेन्मार्कमधल्या त्या छोट्या बंदराच्या गावी नगरसभेची बैठक सुरू झाली, तेव्हा नगराध्यक्ष आंकर होल्मगोर एकीकडे कॉफी पीत होते आणि दुसरीकडे समोर बसलेल्या थोर्सेगर बाईंचा कागद वाचत होते. कागद बाईंच्या पुढ्यात, म्हणजे होल्मगोर यांना उलटा. पण होल्मगोर यांनी तरुणपणी वीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवले होते. उलट्या ओळी ते सुलट्यांपेक्षा भरभर वाचत. या विद्येच्या जोरावर ते विरोधकांना तोंड उघडण्याआधीच गप्प करत. गावाला वाटे, माणूस मनकवडा आहे.

आजचा विषय होता बंदराजवळची मोकळी जागा. बाईंना तिथे सार्वजनिक स्नानगृह हवं होतं आणि होल्मगोर यांना आपल्या वर्तमानपत्राचा नवा छापखाना. स्नानगृहाला विरोध करणारं आपलं भाषण त्यांनी सकाळीच छापायला देऊनही टाकलं होतं. बैठक संपायच्या आत अंक रस्त्यावर, हा त्यांचा शिरस्ताच होता.

पण बाईंच्या कागदावर लिहिलं होतं, 'नगराध्यक्ष नाही म्हणाले की लगेच अविश्वास ठराव. अकरापैकी सात सह्या तयार.'

होल्मगोर यांना ठसका लागला. खुर्चीच गेली तर जागा कोण देणार?

बाई बोलायला उठल्या.

"थांबा बाई!" होल्मगोर ओरडले. "स्नानगृहाचा ठराव मीच मांडतो! गावाने आंघोळ केलीच पाहिजे!"

"आँ?" त्यांच्याच पक्षाचे पेडर खाटीक चक्रावले. "अहो, काल तर म्हणत होतात, समुद्र काय आटलाय का?"

"हात वर करा हो मुकाट्याने!"

अकराच्या अकरा हात वर गेले. तेवढ्यात खिडकीखालून पेपरवालीची आरोळी आली, "नगराध्यक्षांचा स्नानगृहाला कडाडून विरोध! ताजा अंक!"

सभा खो खो हसू लागली. होल्मगोर यांचा तोल सुटला. "दात काय काढताय? त्या सात सह्या करणाऱ्यांना विचारा!"

"कुठल्या सह्या?" बाईंनी विचारलं.

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बाईंच्या कागदाकडे आणि मग नगराध्यक्षांकडे.

बाईंनी सावकाश कागदाची घडी घातली. "माझे वडीलही खिळेच जुळवायचे, साहेब. प्रगतिपुस्तक टेबलापलीकडे उलटं असलं, तरी गणिताचे गुण वाचून माझा कान धरायचे."

होल्मगोर यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.