दादांच्या फोटोखालची पिशवी

"काही झालं तरी आज मी बनात झोपणार! जमिनीवर!" वर्षश्राद्धाचे वडे तळता तळता मंजुषानं जाहीर केलं.

"एकटी? बाभळीच्या बनात?" तिचे चुलते बन्सीधरकाका दारातूनच ओरडले. "रानडुकरं हायेत तिथं!"

"असू द्या. त्यांना सांगून ठेवा, मंजुषा यायलीय म्हणून!"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. घराण्यात असं बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

भानगड जुनी होती. मंजुषाचे वडील व्यंकटराव, म्हणजे दादा, दर हिवाळ्यात एक रात्र शेताच्या टोकाला ओढ्याकाठच्या बनात काढायचे. खाली घोंगडी, वर आभाळ. मंजुषा परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिनं जमिनीवर झोपण्यावरही चार पुस्तकं वाचली आणि तंबू, गुंडाळायची चटई, बॅटरी आणि चैनवाली झोपायची पिशवी मागवली.

"दादा, जमिनीची ओल पाठीत चढते. खाली चटई पाहिजे, वर कापड पाहिजे."

"मंजे, ह्या पिशवीत मी पिंगळीच्या बाजारातला कोबी दिसंन!" दादा म्हणाले होते. "आपण दोघं जाऊ. तू पिशवीत झोप, मी घोंगडीवर. सकाळी बघू कुणाची झोप खरी."

पैज लागली. दिवसही ठरला. पण त्याआधीच दादा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत आणि सामानाचं खोकं माळ्यावर गेलं. खोकं आज खाली आलं.

सकाळी मंजुषानं सगळं सामान दादांच्या फोटोखाली मांडलं होतं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिथंच घोळ झाला!

वर्षश्राद्धाला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाच्या नावानं गादी, उशी, छत्री, चपला, बॅटरी असं द्यायचं. ते आणायचं काम काकांकडे होतं आणि काका ते साफ विसरले होते. ताडकळसच्या बालाजीगुरुजींनी "शय्या?" असं विचारलं, तेव्हा काकांना भर थंडीत घाम फुटला. नजर इकडं गेली, तिकडं गेली आणि फोटोखाली थांबली. नवी कोरी चटई! पिशवी! बॅटरी! छत्रीच्या जागी अख्खा तंबू!

"पोरीनं काय नामी शय्या आणली!" म्हणत काकांनी हातावरून पाणी सोडलं.

मंजुषा वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तर फोटोखाली नुसती ओली फरशी.

"काका, माझं सामान?"

"पोचलं!" काकांनी बोट आभाळाकडं केलं. "दादाला! आन् तूर्तास ताडकळसला, गुरुजींच्या घरी."

"परत आणा!"

"दिलेलं दान मागतेत का? गेलेल्याची झोप मोडती!"

"त्या पिशवीत दादांना झोप लागणारच नाही! त्यांनीच सांगितलं होतं!" मंजुषानं ताट दाणकन ठेवलं. "राहिलं. मी त्यांच्या घोंगडीवर झोपते!"

"ती तर तेराव्यालाच देऊन टाकली."

मंजुषाची आई पार्वतीबाई उठल्या. ट्रंक उघडली. तळातून काळी घोंगडी काढून लेकीच्या खांद्यावर टाकली.

"न्हाई दिली. गुरुजीला जुनी सतरंजी बांधून दिल्ती."

काकांनी पुन्हा टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडं गुरुजींची बायको.

"बन्सीधरराव, लवकर या हो! आमचे हे जरा पडून बघतो म्हणून पिशवीत शिरले, आता निघंनात! चैन अडकली! मुंडकं तेवढं बाहेर हाय. सारी गल्ली बघायला यायलीय!"

मागून गुरुजींचा कोंडलेला आवाज आला, "कात्री लावू नका! दानाची वस्तू आहे!"

काका आणि मंजुषा मोटारसायकलवर ताडकळसला पोचले. ओसरीवर हिरव्या पिशवीतले गुरुजी तुरीवरच्या अळीसारखे वळवळत होते. मंजुषानं साबणाची वडी मागवली, चैनीवर घासली आणि सर्रकन ओढली. गुरुजी घामानं न्हालेले उभे राहिले.

"घेऊन जा बाई हे सगळं! व्यंकटरावांना पसंत नसावं!"

"दान परत घेता येत न्हाई!" काका हटून बसले.

"मग उसनं नेते," मंजुषा म्हणाली. "उद्या आणून देते."

"उसन्याला शास्त्रात मनाई नाही," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. कुठल्या शास्त्रात, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सामान घेऊन निघालेल्या मंजुषाच्या मागं पार्वतीबाई चालू लागल्या.

"आई, तू कुठं?"

"पैज लावायला मानसं दोन लागतेत. मी बी यायले."

बनात तंबूची दोरी सोडताच तो फटकन आपोआप उघडला आणि सोबत आलेल्या काकांची टोपी बाभळीवर गेली. काका टोपी तिथंच सोडून घराकडं पळाले ते पळालेच. मग पार्वतीबाई म्हणाल्या, "बघू तरी, कशी लागती तुझी पिशवी." तंबूत शिरल्या, पिशवीत शिरल्या आणि क्षणात घोरू लागल्या. मंजुषाच्या वाट्याला घोंगडी आली.

सकाळी काका चहाची किटली घेऊन आले. बाभळीखाली मंजुषा बसली होती. केसांत पाला, डोळे लाल, दोन्ही हातांनी मान खाजवायलेली.

"काय पोरी, लागली का झोप?"

"फस्टक्लास!"

काका चहा ओतायला वळले. मंजुषा घोंगडीकडं बघून हळूच म्हणाली, "जिंकलो म्हणू नका दादा. पिशवी आईनं बळकावली, निकाल लागलाच नाही. उसनं आणखी एक दिवस ठेवून घेते. आज पुन्हा!"

तेवढ्यात तंबू गदागदा हलला.

"मंजे!" आतून हाक आली. "घरून साबण आण गं!"