ग्लेनिसने मान हलवली

टिलिगा गावातल्या बोल्स क्लबची, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत खेळणाऱ्यांच्या मंडळाची, वार्षिक सभा शुक्रवारी संध्याकाळी बारमध्येच भरे, कारण बक्षीस म्हणून मांसाचं ताट देणारी सोडत नसेल तर सभेला कुत्रंसुद्धा फिरकत नसे. एका कोपऱ्यात अध्यक्ष क्लाइव्ह ठराव वाची, दुसऱ्या कोपऱ्यात बटाटे तळले जात, टीव्हीवर घोडे पळत आणि मधूनच कुणीतरी सोडतीचा आकडा ओरडे.

ग्लेनिसचे कान ठणठणीत होते. भानगड डोक्यात होती. गेल्या हिवाळ्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिला एडीएचडी असल्याचं निदान झालं. इतरांचं डोकं नको ते आवाज दाराबाहेर उभे करतं; तिचं सगळ्यांनाच ‘या, बसा’ म्हणायचं. तळणाला आणि क्लाइव्हच्या भाषणाला सारखाच मान! त्यावर तिचा जन्माचा उपाय ठरलेला होता. लोक हसले की हसायचं आणि बाकी वेळ होकारार्थी मान हलवायची.

त्या शुक्रवारी क्लाइव्हने काहीतरी वाचून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग सगळ्यांनी हात वर केले, म्हणून तिनेही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लबच्या हिरवळीवर गवत कापत होती. हे काम ती कित्येक वर्षं फुकट आणि जीव लावून करायची. तेवढ्यात तिची मैत्रीण नोलीन तावातावाने आली.

“क्लब बुडवायला अनुमोदन दिलंस, आणि आता गवत कसलं कापतेस, बाई?”

“कुठला क्लब?”

“हाच! आत्ता खाटकाकडे कळलं. आपण खाडीपलीकडच्यांच्या क्लबात जाणार आणि या हिरवळीवर गाड्या उभ्या राहणार!”

ग्लेनिसने गवत कापायचं थांबवलं. “अगं, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं!”

“मग मान कशाला हलवलीस?”

“मी नेहमीच हलवते. पण तू हात का वर केलास?”

नोलीन गोरीमोरी झाली. “तू केलास म्हणून. म्हटलं, हिरवळ राखणारीच हो म्हणतेय, तर आपण कोण?”

दोघी क्लबातल्या स्टॅन म्हाताऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, “मी तर शुक्रवारी कानातलं यंत्र बंदच करून येतो. नोलीनचा हात दिसला, माझा वर केला.” आणखी दोघांना वाटलं होतं की मत बटाट्यांवर रस्सा ओतण्याबद्दल आहे.

आता उरला क्लाइव्ह. तो गॅरेजमध्ये क्लबने बक्षीस म्हणून जिंकलेल्या जुन्या ढाली पुसत बसला होता. चेहरा सुतकी. ग्लेनिसला वाटलं, आता सगळ्या गावात आपलं हसं होणार. पण हिरवळ डोळ्यांपुढून हलेना. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे तुला क्लब हवाय?” क्लाइव्ह ताडकन उठला. “अगं, खाडीपलीकडच्यांचा ठराव आला, नियमाप्रमाणे वाचावा लागला. म्हटलं, पहिली शिवी ग्लेनिसच घालेल. आणि तूच मान डोलावलीस! मी रात्रभर रडलोय, बायकोला विचार.”

“चुकलंच माझं. सांगायची लाज वाटायची रे.”

“लाज कसली? टीव्ही बंद करायला दोन बोटं लागतात. आधी बोलली असतीस तर!”

रविवारी सकाळी पुन्हा सभा झाली. सोडत नाही, तळण नाही, टीव्ही बंद आणि एका वेळी एकानेच बोलायचं. ठराव पुन्हा मताला टाकला आणि एकमुखाने फेटाळला. त्या खोलीत ग्लेनिसला पहिल्यांदाच प्रत्येकाचा शब्द न् शब्द ऐकू आला. एवढी माणसं आपल्यासाठी गप्प बसली, याचे आभार कसे मानावेत ते तिला कळेना.

मग नोलीन उठली. बायकांच्या संडासातला नळ, त्याची गळती आणि ओले होणारे बूट यांवर ती बराच वेळ बोलली. सगळे चकित होऊन ऐकत होते.

“अगं, एवढा त्रास होतोय,” क्लाइव्ह कळवळून म्हणाला, “तर हे आधी का नाही सांगितलंस?”

“सात वर्षं प्रत्येक सभेत सांगतेय!” नोलीन कडाडली. “आणि दर वेळी तुम्ही सगळे माना हलवता!”