राणीसरकारची कॉलर

"ठेवा की! दोन मांजरं म्हणजे काय दोन हत्ती आहेत?" एवढंच मास्तर म्हणाले आणि तिथंच फसले.

खरं तर बोलायची काही गरज नव्हती. बायको आणि मेहुणी मेहुणीच्या मांजरांविषयी आपसात बोलत होत्या, मास्तर शर्टाला काजं करत बसले होते, आणि काजं करणाऱ्यानं खाली मान घालून काजं करावीत. पण प्रसंग नाजूक होता. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान बावीस वर्षं ज्या पुढच्या खोलीत चाललं होतं, ती खोली मेहुणीची, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीची. सगळे तिला ताई म्हणत. मास्तरही म्हणत, आणि म्हणताना नकळत उभे राहत. आता एक ब्युटी पार्लरवाली बाई त्या खोलीवर डोळा ठेवून होती. ताई नवऱ्यासह लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने परगावी निघाली होती आणि "खोलीचं काय ते आल्यावर ठरवू," असं म्हणत होती. अशा वेळी माणूस हत्तीसुद्धा ठेवून घेईल.

ताईचा मास्तरांवर राग नव्हता. एकच तक्रार होती, पण तीही बावीस वर्षांची. मास्तरांनी तिच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या साडूंना, शिवून दिलेल्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा लांब होतं. "ह्यांच्याकडे बघितलं की भिंतीवरचा फोटो वाकडा लागल्यासारखं वाटतं," असं ती चारचौघांत सांगे. मास्तरांचं म्हणणं, साडूंची मानच तिरकी आहे. (हे म्हणणं त्यांनी आजवर मनातल्या मनातच मांडलं होतं.)

मांजरं आली. सयामी. अंग सायीच्या रंगाचं, आणि तोंड, कान, पंजे, शेपूट मात्र गडद चॉकलेटी. डोळे निळे आणि किंचित चकणे, त्यामुळे ती आपल्याकडे बघताहेत की मागच्या भिंतीकडे, ते कळायला मार्ग नाही. ताईनं ठेवलेली परदेशी नावं मास्तरांच्या जिभेवर बसेनात. दोन दिवसांत बोक्याचं नाव 'वकीलसाहेब' पडलं, कारण तो कोणाचं ऐकून घेत नसे, आणि मांजरीचं 'राणीसरकार', कारण तिला कोणाचं ऐकायची गरजच वाटत नसे.

सोबत ताईनं एक वही दिली. चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेली, समासात लाल शाईच्या सूचना.

"वाचा हं मास्तर. ही साधी मांजरं नव्हेत. ह्यांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो."

"ताई, बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे स्वभाव समजून घेतोय," मास्तर म्हणाले, आणि त्याच दुपारी सहाव्या पानावर त्यांनी वही मिटली.

त्या सहा पानांत एक वाक्य होतं: 'ही जात बोलकी असते. बोलली की उत्तर द्यावे.' मास्तर भला माणूस, त्यांनी उत्तर दिलं. वकीलसाहेबांनी त्यावर प्रश्न विचारला. मास्तरांनी त्याचंही उत्तर दिलं. मग जे सुरू झालं ते संपेचना. साधं मांजर भुकेला ओरडतं आणि पोट भरलं की गप्प बसतं. हे मात्र पोट भरलं तरी जेवण कसं होतं ते सांगायला यायचं. दार लावलं तर का लावलं, उघडलं तर इतका वेळ का लावलात, आणि सगळं मनासारखं असलं तर ते मनासारखं का आहे. आवाज तरी कसा? तान्हं पोर घसा खरवडून रडावं तसा.

"आत कोण रडतंय हो?" पँटचं माप द्यायला आलेल्या बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"मांजर आहे."

"अहो मास्तर, मूल आहे ते."

"मांजरच आहे, साहेब. सयामी."

"जुळी आहेत का? तुम्हाला या वयात?"

"मांजरं आहेत हो!"

"असू दे, असू दे," साहेब हळूच म्हणाले आणि खिशातून दोन गोळ्या काढून टेबलावर ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत बातमी झाली आणि शेजारीण मास्तरांच्या बायकोची तब्येत विचारायला आली.

शिवाय कपाटाच्या कड्या उघडणं, रिळं पळवणं आणि मास्तर मशीनवर बसले की मांडीवर हक्क सांगणं हे चालूच. एकीला मांडीवर घेतलं तर दुसरा खांद्यावर. बावीस वर्षांत गिऱ्हाइकांनी आणले नव्हते, पण या दोघांनी पंधरा दिवसांत मास्तरांच्या नाकी नऊ आणले.

अशातच मास्तरांच्या डोक्यात ती कल्पना आली. ताई परत येईपर्यंत साडूंसाठी एक शर्ट शिवायचा, असा की कॉलरला तिनं फूटपट्टी लावावी आणि गप्प बसावं. मग पार्लरवाली गेली उडत. त्यांनी साडूंच्या सोळा नंबरच्या कॉलरचा बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायचं कडक कापड, कापला. चार वेळा मोजला. दोन्ही टोकं तंतोतंत! बकरमला एका बाजूनं गोंद असतो, इस्त्रीच्या उष्णतेनं तो वितळतो आणि कापडाला चिकटतो. मास्तरांनी इस्त्री फिरवली, पण कापडाला बारीक सुरकुती पडली. बकरम तापलेला असतानाच त्यांनी तो सोलून काढला, गोंदाची बाजू वर करून टेबलावर ठेवला, आणि तेवढ्यात वकीलसाहेबांनी मागून काहीतरी विचारलं.

"काय आहे?" मास्तर वळून म्हणाले.

तेवढा वेळ पुरला. इस्त्रीचं टेबल म्हणजे घरातली सगळ्यांत ऊबदार जागा आणि म्हणूनच राणीसरकारची खासगी मालमत्ता. ती आली, लवंडली, पाठीवर मस्त लोळली. उठली तेव्हा पाठीवर कॉलर होती.

ओढून बघितल्यावर राणीसरकारनं जो टाहो फोडला, त्यानं मागच्या खोलीतून बायको ओरडली, "अहो, कोणाचा गळा दाबताय?"

"गळा नाही, कॉलर आहे!"

दुसरा कोणी असता तर मुकाट डॉक्टरकडे गेला असता. पण मास्तर पडले शिंपी. कापणं हे तर रोजचं काम! त्यांनी धागे कापायची छोटी कात्री घेतली आणि बकरमच्या कडेकडेनं, आयुष्यात कधी कापलं नव्हतं इतक्या निगुतीनं, केस कापून काढले. मांजराच्या पाठीवर कॉलरच्या आकाराचा गुळगुळीत तुकडा राहिला.

"येतील केस परत," मास्तर म्हणाले.

केस आले. महिन्याभरात छान दाट आले. फक्त ते चॉकलेटी आले.

सायीच्या रंगाच्या पाठीवर गडद चॉकलेटी कॉलर! मास्तरांना आधी वाटलं, मळ आहे. ओल्या फडक्यानं पुसलं. मग कापडावर खुणा करायचा पांढरा खडू घासला. राणीसरकारनं तो चाटला, चार वेळा शिंकली आणि दोन दिवस मास्तरांकडे पाठ करून बसली. म्हणजे ती कॉलर दोन दिवस सतत त्यांच्या डोळ्यांसमोर.

"या जातीचं असंच असतं," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "अंगाचा जो भाग गार पडतो, तिथले केस गडद येतात. नाक, कान, पंजे, शेपूट. तुम्ही पाठ उघडी केलीत, तीही थंडीच्या दिवसांत. मालकिणीनं सांगितलं नव्हतं?"

बायकोनं पिशवीतून वही काढून एकतिसावं पान उघडलं. लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'केस कापू नयेत. गडद उगवतात.'

"सहा पानं वाचून कोणी डॉक्टर होतं का हो?" बायकोनं विचारलं.

मास्तर तिच्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "यावर उपाय?"

"पाठ ऊबदार ठेवा. हे केस गळून नवे येतील, ते फिके येतील. पण तीन-चार महिने लागतील."

ताई यायला पाच आठवडे उरले होते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर डोक्यावर गार पाण्याचा टॉवेल गुंडाळून बसलेले दिसले. "थंडीनं केस काळे होतात म्हणे," ते पुटपुटले. "मांजराचे," बायको म्हणाली आणि टॉवेल काढून घेऊन गेली.)

त्याच दिवशी मास्तरांनी राणीसरकारसाठी कोट बेतला. बाहेरून लोकर, आतून मऊ अस्तर, पोटाखाली दोन टिचबटणं. दिसायला झकास. घातल्याबरोबर राणीसरकार कुशीवर कोसळली आणि मेल्यासारखी पडून राहिली. काढला, उठली. घातला, कोसळली. चार ट्रायल झाल्या, मास्तरांनी हात टेकले. वैतागून त्यांनी कोट निदान घडी करून ठेवावा म्हणून त्यावर इस्त्री फिरवली, आणि काय आश्चर्य, राणीसरकार स्वतः चालत आली आणि गरम कोटात तिनं आपणहून डोकं घातलं.

"बघ! समजला की नाही स्वभाव?" मास्तर ओरडले.

स्वभाव समजला होता, पण अर्धाच. दोन तासांनी कोट गार झाला. राणीसरकारनं वाकून टिचबटणं दातांनी उघडली (ज्यांना कपाटाच्या कड्या उघडता येतात त्यांना टिचबटणं काय!), कोट तोंडात धरून आणला, मास्तरांच्या पायाशी टाकला आणि इस्त्रीची मागणी केली. तेव्हापासून दर दोन तासांनी हेच. तिला कोट मिळाला म्हणून वकीलसाहेबांनी दीड दिवस अखंड युक्तिवाद केला, तेव्हा त्यालाही एक शिवावा लागला. गिऱ्हाइकांच्या पँटी तशाच पडून राहिल्या आणि मास्तर मांजरांचे कोट इस्त्री करत बसले. साडूंचा शर्ट तर राहूनच गेला.

आणि नवऱ्यासह ताई आली. दारातच थबकली. समोर लोकरी कोट घातलेली दोन मांजरं रुबाबात बसली होती.

"हे कोणी शिवलं?"

"मीच," मास्तर उभे राहत म्हणाले. "थंडी होती ना, ताई."

ताईचे डोळे भरून आले. तिनं कोटाची शिवण उलटून पाहिली, अस्तर चाचपलं. "मास्तर, इतकी वर्षं मी तुम्हाला नावं ठेवली. पण पोटच्या पोरांसारखं केलंत हो यांचं! ती पार्लरवाली गेली खड्ड्यात. खोली तुमचीच राहू दे."

मास्तरांची छाती फुगली. बायकोनंही तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. सगळं इथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दोन तास होऊन गेले होते.

राणीसरकार उठली. वाकली. टिक, टिक, दोन्ही बटणं उघडली. कोट तोंडात धरून ती मास्तरांकडे निघाली, ताईकडे पाठ करून.

एकटे वकीलसाहेब काहीतरी बचाव मांडत होते, पण त्या दिवशी त्यांच्यातही दम नव्हता. ताईनं चष्मा चढवला. मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. मांजराच्या पाठीवर इकडून धरली, तिकडून धरली.

"सोळा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमचंच माप आहे."

"ताई, त्याचं असं झालं..." मास्तर सांगू लागले.

ताईनं पुन्हा एकदा दोन्ही टोकं मोजली. हसावं की रडावं ते तिला कळेना.

"दोन्ही टोकं सारखी! बावीस वर्षांत तुमच्या हातून सरळ आलेली ही पहिली कॉलर, मास्तर, आणि ती घातलीत कोणाला!" तिनं टेप त्यांच्या गळ्यात परत टाकली. "दिलेला शब्द फिरवत नाही, खोली राहील. पण एका अटीवर. यापुढं ह्यांची कॉलर कापाल ती हिच्या पाठीवर कागद ठेवून, हिच्याच मापानं."

मास्तरांनी अट पाळली. साडूंचा नवा शर्ट असला की राणीसरकारला टेबलावर पालथी घालायची, वर पातळ कागद ठेवायचा, खालून दिसणाऱ्या चॉकलेटी कडेवरून पेन्सिल फिरवायची, आणि तोवर वकीलसाहेबांच्या हरकती ऐकायच्या. कॉलर अशा सरळ येऊ लागल्या की साडू आरशासमोर रेंगाळू लागले.

पुढं डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. चौथ्या महिन्यात राणीसरकारचे ते केस गळाले, नवे फिके सायीच्या रंगाचे आले, पाठ पहिल्यासारखी स्वच्छ झाली. आणि साडूंच्या पुढच्याच शर्टाच्या कॉलरचं डावं टोक पाव इंच लांब आलं.