देवमनचा तुरुंगवास

भातकुलीच्या देवमनला तुरुंगवास घडला तो पोस्टातून.

१९६४ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतून तो वर्षभरासाठी अमेरिकेला गेला. तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीचा इतिहास शिकायचा होता. एका पत्रात त्यानं घरी लिहिलं, 'परवा इथल्या तुरुंगात जाऊन आलो.' प्राध्यापकांनी मोर्चेकऱ्यांची कोठडी दाखवायला नेलं होतं. वीस मिनिटं. जेलरनं कॉफीही पाजली. पण ते लिहायच्या आत कागद संपला.

त्याच्या आईला, सुंदराबाईला, वाचता येत नव्हतं. पुंजाजी मास्तरांनी पत्र विहारासमोर खड्या आवाजात वाचलं. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोहोचेपर्यंत वीस दिवसांची कैद झाली होती आणि लाठ्याही पडल्या होत्या.

देवमन परतला तेव्हा एस.टी.जवळच डफ वाजू लागले.

"लय मारलं काय रे तुले?" मास्तरांनी गहिवरून विचारलं.

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाही जी, फार नाही," तो बोलून गेला. त्या 'फार'नं घात केला. मास्तरांनी तिथल्या तिथं सत्कार जाहीर केला. मायजवळ धड दोन शब्द बोलायलाही उसंत मिळाली नाही. संध्याकाळी तो विहाराच्या ओट्यावर खुर्चीत बसलेला आणि समोर सगळी वस्ती.

"इचारा, कोनाले काय इचाराचं ते," मास्तर म्हणाले.

शेजारची केशरबाई उठली. "पयल्या राती झोप लागली काय रे बाबू? आमाले तं ढेकनायनं डोया लागू देला नाही."

"तुमाले? कुठं?"

"जेलात! हिवाळ्यात भूमिहीनायचा सत्याग्रह झाला ना? सत्तावीस जनी गेलतो. तुही मायच तं सामोर होती. अठरा दिवस!"

देवमननं आईकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत खाली बघत होती. आता मात्र त्याला खुर्चीत बसवेना. तो उभा राहिला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. वीस मिनिटं, कोठडी, कॉफी, काहीच लपवून ठेवलं नाही.

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग केशरबाईच हसली, "कॉफी देल्ली? बरा जेल होय बापा!" आणि सगळी वस्ती हसत सुटली.

देवमन खाली उतरून आईजवळ मातीत बसला. परदेशात तुरुंगात गेलेल्या किती बायांच्या मुलाखती त्यानं वह्या भरभरून उतरवल्या होत्या.

"माय, मले एका अक्षरानं कयवलं कावून नाही?"

सुंदराबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू तिकडं चळवळीचा अभ्यास करून राहिला होता ना, बाबू? म्हटलं, मधातच खोळंबा नको."