काठीवरची कुऱ्हाड

रविवारी सकाळी सव्वानऊला जावयाच्या लक्षात आलं, की सासऱ्यांच्या काठीवर बसलेली कुऱ्हाड आता काही केल्या निघत नाही. आणि सासरे बरोबर दहाला तीच काठी घेऊन वाचनालयात जायला निघत. ते स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि त्यांचे दहा म्हणजे दहा. गेल्या अकरा वर्षांत ते एकदाच उशिरा निघाले होते, तेही भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून. ते घड्याळ त्यांनी त्याच दिवशी उतरवून टाकलं होतं.

जावई विमा कंपनीत होता. आठवड्याचे पाच दिवस तो लोकांच्या अपघातांचे अर्ज वाचायचा. कुणी शिडीवरून पडलेला, कुणी स्वतःची गाडी स्वतःच्याच भिंतीवर घातलेला. सुटीच्या दिवशी मात्र तो मागच्या शेडमध्ये शिरून स्वतःचे अपघात स्वतः करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला लोहारकामाचा नाद लागला होता. जुन्या बादलीची भट्टी, कुठूनशी पैदा केलेली ऐरण, तीन हातोडे, आणि भात्याच्या जागी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर. पहिली सुरी केळ्यासारखी वाकडी झाली. दुसरी सरळ झाली, पण तिने लोणी कापायलाही जोर लावावा लागे. एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. हा टॉमाहॉककडे वळला.

टॉमाहॉक म्हणजे नेम धरून फेकायची छोटी, आटोपशीर कुऱ्हाड. ती फेकायची कुणावर, हा प्रश्न बायकोने विचारला होता आणि त्याचं उत्तर त्याला अजून सापडलेलं नव्हतं. पहिली टॉमाहॉक पाणी देताना, म्हणजे लालभडक तापवून पाण्यात बुडवताना, तडकली. दुसरीचं भोक तिरकं गेलं. तिसरी तापवता तापवता वितळली. चौथी ऐरणीवरून घसरली आणि त्याच्या अंगठ्याचं नख घेऊन गेली. मास्तर या सगळ्याला 'ठोकाठोकी' म्हणत. "काय जावईबापू, आज किती खिळे वाकवले?" हा त्यांचा रविवारच्या जेवणातला ठरलेला प्रश्न.

बायको मात्र गंमत करण्यापलीकडे गेली होती. मागच्या महिन्यात वाळत घातलेल्या चादरीवर ठिणग्या उडाल्या आणि चादरीची चाळणी झाली. तेव्हा तिने शांतपणे सांगितलं होतं, "आता आणखी एक भानगड झाली ना, तर भट्टी बंद आणि ऐरण भंगारात. मी स्वतः ढकलत नेईन." ऐरण तिच्यापेक्षा वजनदार होती, पण ती नेईल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आणि त्या रविवारी पाचवी टॉमाहॉक जमली. तडा नाही, बाक नाही, पात्याची कड नव्या चंद्रासारखी. पाणी दिल्यावर ती ठिसूळ राहू नये म्हणून त्याने ती शेडमधल्या जुन्या ओव्हनमध्ये तासभर शेकली, आणि मग त्याला राहवेना. दांडा सुताराकडे करायला टाकलेला, तो मिळणार बुधवारी. बुधवारपर्यंत दम धरायचा कसा? तेवढ्यात कोपऱ्यात मास्तरांची काठी दिसली. शेडमध्ये ती कशी आली, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. त्याला एवढंच दिसलं, की काठी वर जाड आणि खाली निमुळती आहे. टॉमाहॉकचा दांडा नेमका असाच लागतो. खालच्या टोकातून पातं वर सरकवायचं, की ते आपोआप घट्ट बसतं. पाचर नको, खिळा नको.

"फक्त अंदाज घेतो," असं तो ऐरणीला म्हणाला. काठीचं रबरी बूच काढलं, गरम पातं फडक्यात धरून वर सरकवलं, मुठीखाली नेलं, हातोडीने दोन हलके ठोके दिले. अहाहा! मग त्याने ती हातात तोलून पाहिली, खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं, जरा छाती काढून पाहिलं. यात दहा मिनिटं गेली, आणि दहा मिनिटांत लोखंड निवलं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टीची धाव चढवतात ती अशीच, तापवून. निवली की ती चाकाला जन्मभर सोडत नाही. हे त्याने पुस्तकात दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्यांदा खाली रेघही मारली होती.

त्याने ओढून पाहिलं. साबणाचं पाणी घातलं, तर पाण्याने लाकूड फुगलं आणि पकड आणखी घट्ट झाली. तेल घातलं, तर त्याचे हातच सटकायला लागले. पातं पुन्हा तापवावं म्हणून ड्रायर लावला, तर घरातून आवाज आला, "अहो, माझा ड्रायर!" शेवटी त्याने दबक्या आवाजात सुताराला फोन केला. सुतार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "हात लावू नका. येतो मी पंधरा मिनिटांत."

जावई घरात आला तेव्हा दहाला दहा कमी होते. मास्तर टोपी घालून, बूट चकचकीत करून दाराशी उभे होते.

"बाबा, तुमची काठी कुठंय?" बायकोने विचारलं.

"असेल कुठेतरी," मास्तर म्हणाले.

"आज मी येतो की तुमच्याबरोबर," जावई घाईघाईने म्हणाला. "हात धरून नेतो. गप्पा मारत जाऊ."

मास्तरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बारा वर्षांच्या नात्यात त्यांचं बोलणं हवामानाच्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं. "नको," ते म्हणाले. "खरं म्हणजे आज जावंसंच वाटत नाही."

बायकोने हातातला कप खाली ठेवला. "जावंसं वाटत नाही? बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

"जरा थकल्यासारखं झालंय."

मग काय विचारता! मास्तरांना खुर्चीत बसवलं गेलं, टोपी काढली गेली, तोंडात थर्मामीटर गेला. ताप नव्हता. त्याने तर बायको जास्तच घाबरली. "ताप नाही आणि थकवा आहे, म्हणजे काहीतरी आतलं असणार," म्हणत तिने डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला. जावई भिंतीला टेकून उभा होता. धडधाकट म्हातारा आपल्यामुळे आजारी ठरतोय हे त्याला दिसत होतं. तोंड उघडावं तर ऐरण भंगारात, न उघडावं तर मास्तर दवाखान्यात. नवल एवढंच, की मास्तर थर्मामीटर चोखत निमूट बसले होते. काठीबद्दल त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही.

"अगं," जावई म्हणाला, "डॉक्टर नको. बाबांना काही झालेलं नाही. काठी..."

तेवढ्यात दार वाजलं. सुतार हत्यारांची पिशवी घेऊन आत आला आणि भरल्या घरात मोठ्याने म्हणाला, "नमस्कार! कुऱ्हाड अडकलीय ती काठी कुठंय?"

शेडकडे वरात निघाली. पुढे बायको, मागे सुतार, त्यामागे मास्तर, सगळ्यात शेवटी जावई. ऐरणीवर काठी आडवी पडली होती आणि मुठीखाली पाचवी टॉमाहॉक झळकत होती. बायकोने आधी काठीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग ऐरणीकडे. म्हणजे ती कुठून धरून ढकलावी असं.

"आईने आणलेली काठी आहे ती," ती हळू आवाजात म्हणाली. "दुकानात बाबांना ताठ उभं करून माप घेतलं होतं तिने."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुतारदादा, पातं फोडा, काय वाटेल ते करा. काठी वाचवा."

सुताराने चष्मा चढवला. काठी उजेडात धरून फिरवली, नखाने खरवडली, वास घेतला. "ही काठी तुम्ही नाही बिघडवलेली," तो म्हणाला. "ही आधीच चिरलीय. मुठीपासून खाली वीतभर. आणि चिरेत कुणीतरी तपकिरी बूटपॉलिश भरलंय."

तिघांच्याही नजरा सावकाश खाली गेल्या आणि मास्तरांच्या चकचकीत तपकिरी बुटांवर येऊन थांबल्या.

"बाबा?" बायको म्हणाली.

"वाचनालयाच्या पायरीवर जरासा घसरलो," मास्तर म्हणाले. "पडलो नाही. काठीने धरलं. पंधरा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू ते चार पायांचं आणून ठेवलंयस ना माळ्यावर, ॲल्युमिनियमचं? म्हणालीस, पुन्हा घसरलात तर तेच वापरायचं. ते घेऊन मी वाचनालयात जाऊ? टेबल घेऊन फिरायला निघालोय असं वाटेल लोकांना!"

सुतार अजून काठीच बघत होता. "हे लोखंड आहे म्हणून चीर मिटलीय बघा. घट्ट आवळून धरलंय. हे नसतं तर आज-उद्या काठीचे दोन तुकडे झाले असते, आणि तेही म्हाताऱ्या माणसाचा भार वर असताना. मी तर म्हणेन, हे काढूच नका. पुढचं पातं तेवढं कापून टाका. मागचं कडं राहू दे."

बायकोने वडिलांचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जावयाने पाचव्या टॉमाहॉककडे पाहिलं. दोन वर्षं, चार भंगार आणि एक नख, एवढ्यावर ही एक जमली होती. मग त्याने काठी शिकंज्यात धरली आणि करवत उचलली.

नशीब, पाणी फक्त धारेला दिलेलं होतं. भोकाजवळचं लोखंड मऊ होतं. तरी तासभर लागला. सुतार चहा पिऊन गेला. बायको आत गेली ती ड्रायर घेऊनच. मास्तर उपड्या बादलीवर बसून दर दहा मिनिटांनी किती वाजले ते सांगत राहिले.

"अकरा वीस," ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "जावईबापू, काठी इथे कशी आली, विचारलं नाहीत?"

करवत थांबली.

"काल संध्याकाळी मीच आणून ठेवली. म्हटलं, माणूस लोखंडाचं काम करतो, बघेल, एखादं कडं घालेल." मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. "तोंडाने सांगायला हवं होतं. पण दोन वर्षं ठोकाठोकी म्हणून हिणवलं. आता कुठल्या तोंडाने मागायचं? रात्रभर विचार केला, हा माणूस ओळखेल का? आणि तुम्ही..." त्यांनी घसा साफ केला. "कुऱ्हाड जरा जास्त झाली. पण ओळखलंत."

आपण काहीही ओळखलं नव्हतं, हे जावई सांगणार होता. पण बारा वर्षांत मास्तर त्याच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. म्हाताऱ्याने आपल्यावर एवढा भरवसा टाकला याचे उपकार कसे फेडावेत ते त्याला कळेना. तो पुन्हा करवत चालवू लागला. मग कानशीने कडा गोल केल्या आणि रबरी बूच बसवलं.

अकरा पन्नासला मास्तर निघाले. दाराशी थांबून त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली, कडं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "बेबी, गाडी एक तास पन्नास मिनिटं लेट. कारण विचारलं कुणी, तर सांगीन, जावयाचं काम चालू होतं." रस्त्याच्या वळणापर्यंत काठीची टकटक ऐकू येत होती.

बायको काही बोलली नाही. कापलेलं पातं तिने उचललं, अंगठ्याने धार पाहिली आणि ते घेऊन ती आत गेली. बोलली नाही, म्हणजे निर्णय व्हायचा होता, हे जावयाला अनुभवाने ठाऊक होतं. ड्रायरही तिच्याच ताब्यात होता. आठवडाभर त्याने शेडकडे बघितलंसुद्धा नाही. ऑफिसात अपघातांचे अर्ज वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे ऐरण उतारावरून भंगाराकडे घरंगळत जायची.

पुढच्या रविवारी सकाळी, शेवटचं बघून घ्यावं म्हणून, त्याने शेडचं दार उघडलं. कोपऱ्यात मुठीखाली चिरलेल्या तीन काठ्या उभ्या होत्या. कुणाच्या, ते त्याला माहीत नव्हतं. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. तिन्हींना तपकिरी पॉलिश केलेलं होतं.

आणि ऐरणीवर स्वयंपाकघरातली, खिळा निघून दोन तुकडे झालेली सांडशी नीट मांडून ठेवली होती. तिच्या शेजारी, वायर व्यवस्थित गुंडाळून, केस वाळवायचा ड्रायर.