टमाट्याच्या सॉसाने भाजल्या बटाट्याशी बरोबरी केली त्याची हकिकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीस नमस्कार, चुलीपाशी बसणारांस नमस्कार, आणि मग लिहिले ऐसे जे. शके १७११, सौम्यनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात महाराज सुखे नांदत होते आणि मुदपाकखान्यात गोंदजी भट्टीवाले बटाटे भाजीत होते, आणि काय ते बटाटे! आम्ही स्वमुखे खाल्ले आहेत. मग राणीसाहेबांच्या माहेराहून सगुणाबाई म्हणून सुग्रण आली आणि तिने टमाट्याचा सॉस ऐसा केला की सारा दरबार खुळावला. मग राणीसाहेब बोलिल्या, "किल्ल्यावरील शिबंदी बटाट्यांस कंटाळली. आता सॉसच धाडावा आणि भट्टी विझवावी." हे ऐकोन गोंदजींचे तोंड उतरले, कारण भट्टी विझली म्हणजे त्यांची भाकर गेली. महाराजांस एकीकडे राणी आणि एकीकडे शिबंदीच्या तीनशे माणसांचे पोट, करावे काय? मग राजवैद्य त्र्यंबकभट यांस आज्ञा जाहली की सॉस आणि बटाटा या दोहोंचा कस पाहावा. वैद्यबुवांनी तीन दिवस पोथ्या चाळिल्या आणि बोलिले, "सॉसात टमाट्याच्या लालीचा गुण आहे, वर साखर आणि मीठ मुबलक. बटाट्यात पिष्ट आहे, क्षार आहे, सालीत चोथा आहे. परंतु शेरास शेर तोलिता अंगी येणारे बळ दोहोंचे जवळजवळ सारखेच." राणीसाहेब प्रसन्न जाहल्या आणि गोंदजी मटकन खाली बसले.

परंतु या राज्याची जुनी रीत होती, तीस अन्नदिव्य म्हणत. वैद्याने ज्या मापाचा दाखला दिला तितके अन्न त्याने भर दरबारी खावे, मगच शिक्का. तेव्हा वैद्यबुवांपुढे शेरभर सॉस आणि शेरभर बटाटे मांडिले आणि महाराज म्हणाले, "करा सुरुवात, बुवा." बुवांनी सॉसास हात घातला आणि तीन पळ्या झोकात गेल्या आणि पाचवीस कपाळी घाम फुटला आणि सातवीस "पाणी! अहो पाणी!" म्हणोन ओरडले, आणि दोन तांबे रिचवून हात जोडिले. "महाराज, तोल खरा, पण शेरभर सॉस खाणारा मनुष्य देवाने घडविलाच नाही! चुकलो!" आणि आज्ञेची वाट न पाहता गरम बटाटा सालीसकट उचलिला, फुंकीत फुंकीत खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा, आणि डोळे मिटून म्हणाले, "गोंदजी, जिवात जीव आला रे बाबा."

महाराज पोट धरून हसले आणि राणीसाहेबही पदराआड हसल्या, आणि हुकूम जाहला की भट्टी चालू राहावी, किल्ल्यावर बटाटेच जावे. तेव्हा गोंदजी उठले आणि डोळे पुसून म्हणाले, "महाराज, बाईंच्या चार बरण्याही संगती द्याव्या. माझे बटाटे कोरडे लागतात, हे मलाही ठाऊक आहे." सगुणाबाई म्हणाली, "आता कसे खरे बोललात, दादा!"

एवंच, बटाटा पोटभर आणि सॉस बोटभर, हे ज्यास उमगले त्याचे जेवण सुखाचे. हकिकत संपली, पान वाढिले आहे, आम्ही उठतो.