वेटिंगवरचं घर आणि अवसरीचे पोहे

गेणभाऊंना सोबत न्यायचं, एवढंच आदेशनं ठरवलं होतं. पुढचं सगळं त्या एका निर्णयातून निघालं.

आदेश मूळचा बोरी बुद्रुकचा. नववीत शाळा सुटली (त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात अजून एकमत नाही) आणि आता तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. स्वभावानं इतका लाजाळू, की रिक्षावाला पुढच्या चौकात घेऊन गेला तर मागं चालत येईल, पण ‘इथं थांबवा’ म्हणणार नाही. तो आणि त्याची बायको वृषाली पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहतात. खोलीला खिडकी नाही. तरी वृषालीनं मंचरच्या बाजारातून निळ्या फुलांचे पडदे घेऊन ट्रंकेत घालून ठेवलेत.

सरकारी घरांची सोडत निघाली की दोघं अर्ज करायचे, आणि दुसऱ्याच कुणाला तरी घर लागायचं. यंदा पहिल्यांदाच नाव आलं, पण वेटिंगवर, दोन नंबरला. तेवढ्यात घरमालकानं सांगितलं, “दिवाळीनंतर पोराचं लग्न आहे, खोली रिकामी करा.” आणि त्याच आठवड्यात कळलं, की घर लागलेल्यांपैकी एकाची कागदपत्रं बाद झालीत. एक घर मोकळं झालं. ते जाणार वेटिंगच्या एक नंबरला. त्यानं नको म्हटलं, तरच आदेशला.

एक नंबरवाला कोण, हे गेणभाऊंनी नुसत्या आडनावावरून हुडकलं. “अवसरी बुद्रुकच्या दादाभाऊचा सूरज त्यो!”

गेणभाऊ हे वृषालीचे मामा. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा नाही, व्यसन आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात कुठलं पोरगं कुठल्या पोरीला शोभेल, हे त्यांना एसटीच्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ. आदेश-वृषालीचं लग्नही त्यांनीच लावलेलं.

“आपण जाऊन नुसतं विचारू,” वृषाली म्हणाली, “घर घेणार हायेत का सोडणार. नायतर तुमी फोन करा.”

फोन म्हटल्यावर आदेशला घाम फुटला. “मामांना नेऊ. ते बोलतील.”

“आन् तुमी?”

“मी मान हलवीन.”

रविवारी तिघं अवसरीत पोहोचले. वृषालीच्या हुकमावरून आदेशनं लग्नातला शर्ट घातला होता. (गरजू दिसावं म्हणून तो जुना घालणार होता, पण गरजू माणसानं नीटनेटकं असावं, हे तिचं मत.) डोक्याला तेल, पायांत नवे बूट, शेजारी गेणभाऊ. दारात कोथिंबीर निवडत बसलेल्या दादाभाऊंच्या बायकोनं, ठकूबाईंनी, हे चित्र पाहिलं मात्र, जुडी तिथंच टाकली आणि आत पळाल्या. दादाभाऊ टोपी घालत बाहेर आले.

“या पावणं! गेणभाऊ, आदी कळवायचं तरी!”

“कळवायचं काय त्यात? घरचंच काम,” गेणभाऊ म्हणाले आणि सतरंजीवर ऐसपैस बसले.

आता खरं म्हणजे तिथंच विषय काढायचा. पण आमच्याकडं चहापाणी झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. बोललं तर माणूस कामापुरता आला असं दिसतं. म्हणून गेणभाऊ पावसावर बोलले, बटाट्याच्या भावावर बोलले, बिबट्यावर बोलले. आदेशनं सगळीकडं मान हलवली. बायकांनी वृषालीला आत बोलावून घेतलं. आतून ठकूबाईंचा आवाज येत होता.

“तुमच्या भावाला काय व्यसन-बिसन?”

वृषालीला वाटलं, मामांच्या ओळखीनं आपल्या भावाची चौकशी चाललीय. तिचा भाऊ मिलिटरीत. “नाय ओ, सुपारीसुदीक नाय. लई कडक शिस्त.”

बाहेर दादाभाऊंनी हे ऐकलं आणि आदेशकडं आदरानं पाहिलं.

मग पोहे आले. आणि पोह्यांचा ट्रे घेऊन आली दादाभाऊंची मुलगी प्राची, खाली मान घालून. आदेशनं बशी घेतली. इथवरही सगळं निभावलं असतं. पण ट्रे घेतलेली मुलगी समोर उभी राहिली आणि गेणभाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बस बाळा. नाव काय? शिक्षान किती?”

आदेशच्या तोंडात पोहे होते. ते तसेच राहिले. आपण कशासाठी आलोय असं या घराला वाटतंय, हे त्याला कळलं. पण ‘इथं थांबवा’ म्हणायची त्याची सवय कुठं होती? त्यानं मान हलवली.

“मान हलवतंय पोरगं,” दादाभाऊ खूश झाले. “जा, तुमी दोघं अंगणात जाऊन बोला. आजकाल पोरापोरींनी बोलल्यालं बरं.”

अंगणात तुळशीपाशी प्राचीच आधी बोलली. “हे बघा, माझी बँकेची परीक्षा आहे. मला एवढ्यात लग्न करायचं नाही. तुम्हीच नकार द्या, म्हणजे आई मला बोलणार नाही.”

“माझं झालंय,” आदेश म्हणाला.

“काय?”

“लग्न.”

“मग आलात कशाला?”

“घरासाठी. तुमचा भाऊ एक नंबरला हाये, मी दोन. आत जी बसलीय ती माझी बायको.”

प्राची एवढ्या मोठ्यानं हसली, की आत ठकूबाईंनी साखर वाटायला डबा उघडला.

हसू आवरल्यावर प्राचीनं सगळं सांगितलं. सूरजला घर नकोच होतं. नोकरीसाठी तो एकदा पुण्याला गेला होता. गाईंच्या गळ्यातली घंटा ऐकू येत नाही म्हणून झोप येईना, तर आठवड्यात परत आला. पण पोरगी बघायला जावं तिथं एकच प्रश्न. पुण्यात फ्लॅट आहे का? म्हणून दादाभाऊंनी अर्ज भरला होता. फ्लॅट राहायला नव्हे, सांगायला हवा होता.

मग प्राचीनंच आत जाऊन उलगडा केला. दादाभाऊंचा आवाज चढला.

“लग्न झाल्यालं पोरगं घिऊन फिरता व्हय, गेणभाऊ?”

“मी कुठं म्हन्लो स्थळ आणलंय?”

“तुमी आलात म्हंजी स्थळच की राव! दुसरं कधी काय आणलंय तुमी?”

वृषालीनं पदर तोंडावर धरला होता. ती रडतेय असं वाटून ठकूबाई तिची समजूत घालायला गेल्या, तर ती हसत होती. पण तेवढ्यात तिचं हसू थांबलं. “काका, चूक झाली आमची,” ती म्हणाली. “पण आमाला दिवाळीनंतर खोली नाय. तुमी घर घेणार असाल तर घ्या. फकस्त सांगा, म्हंजी आमी वाट बघायचं सोडतो.”

दादाभाऊ टोपी काढून बसले. “पोरी, मी घर सोडलं तर माझ्या पोराला पोरगी कोन देईल?”

हा प्रश्न गेणभाऊंच्या समोर विचारायला नको होता. म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

“बोरीत एक पोरगी हाये. उज्ज्वला. रोपांची नर्सरी चालवती. चार पुण्यावाले नाकारलेत तिनं. म्हनती, नवरा गावात राहनारा पायजे.”

गोठ्यातून आलेला सूरज दारात उभा होता, हाताला शेण. त्यानं एवढंच विचारलं, “त्यांच्याकडं गाया हायेत का?”

“दोन!”

सूरज हात धुवायला पळाला.

पंधरवड्यात सुपारी फुटली, सूरजनं घर नको असल्याचं लिहून दिलं आणि दिवाळीच्या आधी आदेशच्या हातात चावी आली. चौथा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि दोन खिडक्या. पूजेला गेणभाऊ आले, प्रसाद खाता खाता म्हणाले, “जावईबापू, तुमचं सगळं वेटिंगवरच निघतं बघा. बायको काय, घर काय!”

सगळे हसले. आदेशनं मान हलवली. पण पाहुणे गेल्यावर, वृषाली स्टुलावर चढून निळ्या फुलांचे पडदे लावत असताना, त्यानं धीर करून विचारलं.

“मामा म्हणाले ते खरंय? तुझ्यासाठी मी दोन नंबरला व्हतो?”

वृषालीनं पडदा नीट सारखा केला, लांबून पाहिला.

“नाय ओ,” ती म्हणाली. “तीन. दोन नंबरवाल्याची पत्रिका जुळली नाय.”